सगळे ख्रिस्ती आणि आमचे भाऊ

वहिनी, मृणाल, एकलहऱ्याचे माझे सोबती आणि भाऊंवर माया करणारे सगळे जण, नमस्कार. माईकसमोर बोलायची मला सवय नाही. चर्चमध्ये वाचन करतो, पण तिथे समोर लिहिलेलं असतं. इथे समोर भाऊंचा फोटो आहे, आणि फोटोतले भाऊ 'आटप लवकर' अशा चेहऱ्याने बघताहेत.

मी शमुवेल. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात भाऊंच्या हाताखाली काम शिकलो. मी देवाचं नाव घेतल्याशिवाय डबा न उघडणारा, आणि भाऊ पक्के नास्तिक. मला 'पाद्रीबुवा' म्हणायचे.

भाऊ गेले त्या संध्याकाळी मृणालने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "काका, तुमच्या धर्माप्रमाणे बाबा आता कुठे असतील? खरं सांगा." ते उत्तर द्यायला आज उभा आहे.

भाऊंना सण नव्हता. म्हणून दिवाळीची पाळी भाऊंची. ईदची भाऊंची. नाताळची भाऊंची. माझ्या रविवार सकाळच्या पाळ्यासुद्धा भाऊंच्याच. "जा लवकर, तुझा देव हजेरी घेत असंल!" एकदा मी विचारलं, "भाऊ, वर कोणी बघत नाही म्हणता. मग दुसऱ्यांसाठी एवढं का करता?"

"अरे, घरी तुझी पोरं वाट बघतात ना? मग वरून बघणारा कशाला पाहिजे?"

माझा पाया देवावर आहे. भाऊंचा कशावर होता, मला आजही नीट सांगता येत नाही. पण त्या पायावर उभा असलेला माणूस मी कधी डळमळताना पाहिला नाही.

एकदाच आमचं बिनसलं. प्रार्थनेने आजार बरा करतो म्हणून लोकांना फसवणाऱ्या एका माणसाची बातमी पेपरात आली होती. कॅन्टीनमध्ये भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "हे ख्रिस्ती लोक सगळे असलेच!" मी डबा बंद केला. ते पाहून म्हणाले, "तुला नाय म्हणत रे. तू वेगळा."

मित्रांनो, मला तेच जास्त लागलं. मी म्हटलं, "भाऊ, मी वेगळा नाही. आमच्या पेठकडच्या खेड्यात क्षयाच्या एका बाईला कोणी दारात उभं करत नव्हतं. माझी आई तिला रोज नागलीची भाकरी नेऊन द्यायची, येशूचं नाव घेऊन. तीपण त्या सगळ्यांतलीच. मला एकट्याला बाहेर काढून बाकीच्यांना शिक्षा देऊ नका."

पुढच्या रविवारी भाऊ चर्चच्या दारात हजर! पाळी दुसऱ्याच्या गळ्यात मारून आले होते. शेवटच्या बाकावर बसले. प्रार्थनेला डोळे मिटले नाहीत, मी चोरून पाहिलं. नंतर चहा घेत तासभर माणसांशी बोलत राहिले. निघताना म्हणाले, "गाणी बरी होती. प्रवचन लय लांबलं. पण आता पंचाईत झाली, पाद्रीबुवा. नावं कळली. आता 'सगळे' म्हणता येणार नाय. त्या भोंदूला मात्र सोडणार नाय. त्याला त्याच्या नावानं शिव्या घालीन."

आणि घातल्या. मीही सोबत होतो.

मृणाल, आता तुझं उत्तर. बाबा नरकात आहेत असं मी म्हणणार नाही. तो निवाडा करायला मला कोणी बसवलेलं नाही. ते स्वर्गात आहेत असंही म्हणणार नाही. 'मला विचारलंस का?' असं भाऊंना आता म्हणता येत नाही, आणि त्याचा फायदा मी घेणार नाही. ते कुठे आहेत, मला माहीत नाही, पोरी. एवढंच खरं आहे. पण मी रोज ज्याच्याशी बोलतो, त्याच्याकडे त्यांचा विषय काढतो. काढत राहणार. भाऊ, चिडलात तरी चालेल.

आता आपण थोडा वेळ शांत उभे राहू. ज्याला प्रार्थना करायची आहे, त्याने मनात करावी. ज्याला करायची नाही, त्याने नुसतं भाऊंना आठवावं. शेजारचा काय करतोय, ते कोणी बघू नये.