जोडीची दुर्बीण

मिस्त्री : चहा नको म्हणून सांग सूनबाईला. आधी बोलून टाकतो. मग चहा पाजतोस की हाकलतोस, ते बघू.

नेमबाज : बेचाळीस वर्षांनी दारात आलात, आणि हाकलायच्या गोष्टी? बसा तरी. फडक्यात काय आहे?

मिस्त्री : तुझ्या रायफलीची दुर्बीण. नंबर बघ.

नेमबाज : सत्तावन्न. ही तुमच्याकडे कशी?

मिस्त्री : रायफली मोडीत निघाल्या तेव्हा उचलली. आपल्या बापाच्या वयाच्या त्या रायफली, पण नेमाला पक्क्या. प्रत्येकीची दुर्बीण तिच्यावरच बसवून नेम लावायचो. म्हणून दोघींवर एकच नंबर ठोकायचो.

नेमबाज : ते मला सांगताय?

मिस्त्री : पुलावर गोळी झाडलीस, तेव्हा तुझ्या रायफलीवर ही नव्हती. आदल्या दिवशी चिखलानं माखलेल्या दोन रायफली मी एकाच टेबलावर खोलल्या. घाईत एकीची दुर्बीण चुकून दुसरीवर चढवली. तू नेम धरलास शत्रूच्या कॅप्टनवर, आणि पडला शेजारचा स्ट्रेचरवाला. दंडावर लाल क्रॉसची पांढरी पट्टी असलेला.

(नेमबाज दुर्बीण फडक्यात गुंडाळून ठेवतो.)

मिस्त्री : पलटणीत तुला पट्टीमाऱ्या म्हणायला लागले. पंगतीला कुणी शेजारी बसेना. मी समोर बसून जेवत होतो, पण तोंडातून शब्द काढला नाही. परवा नातीनं विचारलं, आजोबा, तुम्ही लढाईत कुणाला मारलंत का? नाही म्हणालो, आणि ताटावरून उठलो. खाई त्याला खवखवे. लाज वाटते रे.

नेमबाज : नंबर मी पाहिले होते.

मिस्त्री : कधी?

नेमबाज : त्याच सकाळी, झुडपात पडल्या पडल्या. रायफलीवर सत्तावन्न, दुर्बिणीवर त्रेसष्ट.

मिस्त्री : मग परत का नाही आलास?

नेमबाज : आलो असतो तर कॅप्टन दुसऱ्या कुणाला मिळाला असता. म्हटलं, होईल उन्नीस-बीस.

मिस्त्री : तरी मूळ चूक माझीच.

नेमबाज : पहिली गोळी तुमची धरा हवी तर. पण गोळ्या दोन होत्या, मिस्त्री.

मिस्त्री : दुसरी कॅप्टनला लागली. तिचंच तर पदक.

नेमबाज : बोल्ट मागे ओढून पुढे सारायला किती वेळ लागतो?

मिस्त्री : तुझ्या हाताला? दीड सेकंद.

नेमबाज : तेवढ्यात मला कळलं, ही हातभर उजवीकडे मारतेय. तेवढा डावीकडे नेम घेतला. कॅप्टन पळाला नव्हता. गुडघ्यावर बसून त्या पट्टीवाल्याचं डोकं मांडीवर घेत होता. टोपी पडली होती, टक्कल उघडं. सगळं स्वच्छ दिसत होतं. काच चांगली होती तुमची.

मिस्त्री : हे कधी बोलला नाहीस.

नेमबाज : पट्टीमाऱ्या म्हणायचे ना, तेव्हा बरं वाटायचं. चुकीला शिव्या मिळत होत्या. जी चूक नव्हती, तिला पदक मिळालं.

मिस्त्री : दुर्बीण घेऊन जाऊ परत?

नेमबाज : राहू दे. सूनबाई, दोन कप टाक गं.

मिस्त्री : नातीला काय सांगू रे आता?

नेमबाज : खरं ते सांगा. तुम्ही नातीला नुसतं ‘नाही’ म्हणालात. मी माझ्या नातवाला पदक हातात धरायला देतो.