सासरे घाटात, मी मागच्या सीटवर

...आणि वर बायको मलाच म्हणते, "तूच लावलंस बाबांना नादी!" मी? अहो, तुम्हाला सांगतो, मला फक्त आकडा बघायचा होता!

कॉम्प्युटरला नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलं. अगदी भारी नाही, अगदी टाकाऊ नाही, आपल्यासारखंच, मधलं. म्हटलं, सगळ्यात जड गेम लावू, सगळी सेटिंग्ज वर चढवू आणि बघू, सेकंदाला साठ चित्रं काढतंय की धापा टाकतंय! गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. धो धो पाऊस, ओला घाट, दिव्यांचे ओघळ डांबरावर... कार्डाचा पंखा घोंघावतोय, मी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आकड्याला डोळे लावून बसलोय, अठ्ठावन्न... एकोणसाठ...

"जावईबापू, हळू! वळण आहे!"

मागे सासरे! जन्मभर बस चालवलेला माणूस. चक्कर येऊन पडले, डॉक्टरांनी गाडी कायमची बंद केली, तेव्हापासून आमच्याकडे, खिडकीपाशी. जेवायला बोलावलं, "हं." चहा दिला, "हं." बायको स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. आणि हा माणूस चक्क ओरडतोय?

म्हटलं, "बाबा, आदळली तरी चालतं, मला फक्त आकडा बघायचाय."

"आदळली तरी चालतं? आणि आतली माणसं?"

आता काय सांगणार, कप्पाळ? म्हटलं, घ्या, तुम्हीच चालवा! कंट्रोलर दिला हातात. पहिल्यांदा दरीत. दुसऱ्यांदा झाडावर. उठायलाच लागले, "नाही जमत आता मला." मी खांदा धरून खाली बसवलं, "बाबा, इथे दरीतली गाडी परत रस्त्यावर येते!"

आणि मग काय सांगू! बाकीचे सुसाट सुटलेले, आमचे सासरे शेवटून पहिले, वळणावळणाला हॉर्न शोधतायत, मागच्याला बाजू देतायत, "जा बाबा, तुला घाई आहे, जा..." बायको ओल्या हातांनी दारात उभी. घाट उतरला आणि म्हातारा हसला हो! मोठ्यानं!

आकडा? कसला आकडा! आता रोज नाश्ता उरकला की खुर्चीत सासरे. काल भीत भीत विचारलं, "बाबा, तेवढा कोपऱ्यातला आकडा वाचता का?"

मान न वळवता म्हणाले, "जावईबापू, चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये."

बसलो गुपचूप मागच्या पलंगावर... प्रवासी म्हणून!