लाल पावलांची वाट

अहो, छापील बोर्ड यायच्या आधी बारामतीतल्या निम्म्या पाट्या मीच रंगवायचो. एकदा एक डॉक्टर म्हणाले, "पाट्या कुणी वाचत नाही. बाळंतिणीच्या खोलीपर्यंत वाट दिसेल असं काहीतरी कर."

मी दवाखान्याच्या दारापासून त्या खोलीपर्यंत लाल पावलं काढायची ठरवली. साच्याला माप हवं होतं. घरी बायकोची जुनी स्लीपर होती, तिच्यावर पाऊल स्पष्ट उमटलेलं. बायको मात्र दोन महिने भिगवणला, माहेरी, रुसून.

त्या मापानं पावलं रंगवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर पावलांवर कुणी पायच देईना. सगळे भिंतीकडेनं चाललेले. इंदापूरकडचे एक तात्या कळा सुरू झालेल्या सुनेला धरून सांगत होते, "कडंनं चल, पोरी. गौराईची पावलं हायती."

पण पोचले बरोबर. संध्याकाळी नात झाली. तात्यांनी पावलांना हात लावून नमस्कार केला.

"पेंटर, कुणाच्या मापाची हायती वं?"

"आमच्या मंडळींच्या."

"मंग आणा की त्यांना, नातीला बगाया."

मी पावलांकडे बघितलं. वाटलं, तीच आत्ता इथून चालत गेलीय, रंग अजून ओला आहे आणि अख्खा दवाखाना तिला वाट सोडून उभा आहे.

सकाळची एसटी धरली. सासुरवाडीच्या दारात पिशवीतून ती एकच स्लीपर काढून ठेवली. बायकोनं पायात घालून बघितली.

"आन दुसरी?"

"घरी हाय."

"मंग चला."