पाहुण्यांची गाडी आणि आमची सोनल

माझ्या लेकीला, सोनलला बघायला आले तेव्हाचा किस्सा तुम्हाला सांगायचा राहिलाच. धुळ्याचे पाहुणे पिंप्राळ्यात आमच्या दारात पोचले आणि त्यांच्या जुन्या गाडीतून पेट्रोल गळायला लागलं. पोह्यांच्या बशा ठेवून सोनल सरळ बॉनेटमध्ये वाकली. ती गॅरेजमध्ये काम करते हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं.

"आबा, इथेनॉलच्या पेट्रोलने जुना रबरी पाईप खराब झालाय. माझ्या गॅरेजमधून नवा आणून टाकते," ती मुलाच्या वडिलांना म्हणाली.

पाईप बदलून झाल्यावर आबा मला म्हणाले, "पोर हुशार शे, ताई. आमचा मुलगा तिला पसंत आहे का विचारा."

"विचारते. पण ती गॅरेज सोडणार नाही," मी ताठ मानेने सांगितलं.

"सोडू नकोच म्हणा. घरी अजून दोन जुन्या गाड्या आहेत."