मुकुट परत करताना

आदरणीय अध्यक्षमहोदया, मंचावरचे सन्माननीय परीक्षक, किडनीचे डॉक्टर, ज्यांना आमच्या घरात नुसतं 'आपले डॉक्टर' म्हणतात, आज विजेती ठरलेली ही गुणी मुलगी, आणि सभागृहातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

प्रथेप्रमाणे या जागी गेल्या वर्षीची राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेची विजेती उभी असते. ती निरोपाचे चार शब्द बोलते, आपल्या डोक्यावरचा मुकुट उतरवते आणि नव्या मुलीच्या डोक्यावर ठेवते. आमची भिंगरी तीन महिन्यांपूर्वी गेली. म्हणून तिचं भाषण तिच्या बापाच्या वाट्याला आलं आहे. मी लाँड्रीवाला माणूस. इस्त्री फिरवताना तोंड बंद ठेवायची सवय, तेव्हा सांभाळून घ्या.

मुकुट पहिल्या रांगेत तिच्या आईच्या मांडीवर आहे, त्या कापडी पिशवीत. आई तो देणार की नाही, हे आम्ही घराला कुलूप लावलं तेव्हाही ठरलं नव्हतं.

भिंगरी हे नाव तिच्या आत्यानं ठेवलं, पोर एका जागी ठरत नसे म्हणून. कॉलेजात असताना तिचे पाय सुजायला लागले. आम्ही म्हटलं, चपला बदल. चपला बदलून होईपर्यंत दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मग डायलिसिस आलं. त्यासाठी हाताच्या दोन रक्तवाहिन्या जोडतात, तिथे दोरखंडासारखा फुगवटा येतो. बोट ठेवलं की आत घरघर जाणवते. पुढे आईनं तिला आपली किडनी दिली. ऑपरेशनला जाताना ही बाई मला काय म्हणाली असेल? "दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर कमी टाकायला सांगा." बस, एवढंच.

किडनी बसली, पोर हिंडायला लागली आणि या स्पर्धेत उतरली. हाताचा फुगवटा तसाच होता. एका हितचिंतकांनी सुचवलं, कोपराच्या वरपर्यंत हातमोजे घाल. त्यांचं नाव घेत नाही, ते मंचावरच आहेत. पोरीनं मला विचारलं, "बाबा, डाग लपवू का?" मी म्हटलं, "कपड्यावरचा असता तर मीच काढला असता. हा तुझा आहे, तू बघ." ती बिनबाह्यांचा पोशाख घालून आली. परीक्षकांनी विचारलं, हाताला काय झालं? तिनं काय सांगितलं ते आपल्याला आठवत असेल. "माझं रक्त लाँड्रीत जायचं. हे त्या लाँड्रीचं दार. घरचाच धंदा आहे." सभागृह हसलं. मी मात्र मान खाली घालून बसलो होतो, कारण रडणारा बाप टीव्हीवर बरा दिसत नाही.

जिंकल्यावर तिनं काय केलं? रिबिनी कापल्या, ते सगळ्यांनी पाहिलं. पण दिवसा डायलिसिसला बसणाऱ्याची नोकरी टिकत नाही. म्हणून संध्याकाळची पाळी सुरू करा, असं तिनं रुग्णालयाच्या मागे टुमणं लावलं. विजेतीचा पट्टा घालून साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसायची. कुणी फोटो मागायला आलं की म्हणायची, "आधी आत जाऊन विचारा, मी इथे का बसलेय." साहेब कंटाळले आणि पाळी सुरू झाली. आज एक शिक्षिका आणि एक बस कंडक्टर तिथे संध्याकाळी सुया टोचून घेतात आणि सकाळी कामावर जातात.

दर सोमवारी ती मुकुट वॉर्डात न्यायची आणि ज्याची पाळी त्याच्या डोक्यावर ठेवायची. एक निवृत्त हवालदार, मोठ्या मिशांचे. "हे बायकी थेर माझ्याकडे नकोत," म्हणाले. तिसऱ्या सोमवारी त्यांनीच विचारलं, "आमचा नंबर कधी?" त्यांचं डोकं मोठं, म्हणून मुकुट एका बाजूनं जरा फाकला आहे. अध्यक्षमहोदयांनी ते पोटात घालावं.

मग आईची किडनी थकली. पोर पुन्हा त्याच खुर्चीत बसली. मरणानंतर किडनी दान करा, असं ती गावोगाव सांगत होतीच, आता स्वतःही यादीत होती. कार्यक्रम संपला की तिच्याबरोबर फोटो काढायला रांग लागायची. ती रांग भराभर सरकायची. किडनीची रांग सरकली नाही. मला राग येतो, आणि तो आपल्यावरही येतो, हे या मंचावरून बोलू नये, पण बोललो. शेवटी जंतुसंसर्गाचं निमित्त झालं. डॉक्टरांनी शर्थ केली.

अध्यक्षमहोदया स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, मुकुट तुमच्याकडेच ठेवा, आम्ही नवा करून घेऊ. त्यांचे उपकार फिटणार नाहीत. पण आज टॅक्सीत भिंगरीची आई म्हणाली, "किडनी देताना मला काही वाटलं नाही, आणि हा पत्रा देताना जीव जातोय." मग म्हणाली, "वॉर्डातल्या लोकांना तिनं शब्द दिलाय, पुढच्या वर्षी हाच मुकुट घेऊन नवी मुलगी येईल म्हणून. घरात ठेवून मी करू काय?"

बाळ, तू आज जिंकलीस, तुझं मनापासून कौतुक. आमच्या रडण्यानं तुझा दिवस झाकोळू नये. फक्त सोमवार मोकळा ठेव.

संस्थेचे, डॉक्टरांचे, वॉर्डातल्या सिस्टरांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या आपल्या सर्वांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. एक चूक मात्र जाणूनबुजून केली आहे. मुकुट स्वच्छ करून आणा, असा कार्यालयाचा निरोप होता. मी ब्रश घेऊन बसलोही होतो. आतल्या बारीक दातांत तिचे चार केस अडकले आहेत. उभ्या आयुष्यात माझ्या हातून मळकी वस्तू परत गेली नाही, बाळ, ही जाते आहे. ते केस तू काढ, नाहीतर राहू दे. आमच्याच्यानं झालं नाही.

ये गं, भिंगरीच्या आई. आण तो मुकुट.