आईचं ऑपरेशन आणि माझा अंगठा

…नाही, मला सांगा, गाडीची वाफ गळते का ते बघायला गिऱ्हाइकाचा अंगठा कशाला लागतो? हसू नका हो! तुमच्याही गाड्या आहेत रांगेत.

तुम्हाला सांगतो, सकाळी गाडीत तो पिवळा दिवा लागला. आज चारला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, तीन महिन्यांनी नंबर लागलेला, म्हटलं दाखवून घ्यावं, दहा मिनिटांचं तर काम! मेकॅनिक म्हणाला, "साहेब, टाकीतली पेट्रोलची वाफ कुठूनतरी निसटतेय. धूर भरून बघू." बघ बाबा! तर म्हणे, ह्या पाइपाचं बूच हरवलंय, जरा अंगठा घाला. घट्ट. आणि काहीही झालं तरी अंगठा काढू नका!

घातला! आईसाठी घातला!

त्याने व्हॉल्व्ह काढला, तोंडाने फुंकून बघितला. "हा ठीक." कोळशाचा डबा काढला, ती वाफ म्हणे त्या कोळशात मुरते, तो हलवून कानाला लावला. "हाही ठीक." तीन वाजले! माझ्या नाकाला खाज, खिशात फोन कोकलतोय, आणि हा गाडीखालून, "अंगठा काढू नका!" अरे, सगळं सुटं करून ठेवलंयस, मी कसली वाफ अडवतोय?

सगळं परत जोडलं, मग कुठे धूर भरला… आणि धूर कुठून? पेट्रोलच्या झाकणातून! "साहेब, हे टक् वाजेपर्यंत फिरवत नाही वाटतं?" आता काय सांगू… पंधरा वर्षं मी ते अर्धंच फिरवतो. काढायला सोपं जातं! त्याने फिरवलं. टक्. संपलं! "काढा आता अंगठा."

निघेना! फुगला होता टम्म! तेल लावलं, साबण लावला, दोघांनी ओढलं… म्हटलं, "काप तो पाइप!" तर म्हणतो, "कापतो की. पण नवा यायला चार दिवस, तोवर गाडी इथेच." म्हणजे अंगठा सोडवला तर गाडी अडकते, आणि गाडी वाचवली तर मी! सांगा, काय करायचं माणसाने?

डाव्या हाताने आईला फोन लावला. "वाटलंच होतं मला," म्हणाली, शेजारच्या काकूंना घेतलं, टॅक्सीने गेली, ऑपरेशन झालंसुद्धा. आत्ता तिचा फोन आला होता. "हलू नकोस तिथून, आलेच मी."

हलू नकोस म्हणे!… तिला हात धरून घरी आणायला मी जाणार होतो हो. आता डोळ्याला पट्टी बांधून तीच येतेय, मला सोडवून न्यायला.