चाकूवर कोरलेलं नाव

हसा, हसा! पेरू कापला जात नाही, चेपला जातोय, ते मलाही दिसतंय. पण चाकू बदलणार नाही.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हा मी खर्ड्याला शाळामास्तर होतो. पोरांचे बोरू तासायला खिशातला चाकू हवा होता. नगरच्या लष्करी भंगारातून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा मिळवला आणि ऐटीत रसूलचाचा लोहारांकडे गेलो.

त्यांनी तो धारेच्या फिरत्या दगडावर धरला, ठिणग्या पाहिल्या आणि परत दिला. "मास्तर, हे वजन झेलायचं पोलाद हाय. बोरूला बारीक धार लागती, ती ह्याच्यावर टिकायची न्हाई. माज्याकडं झिजल्याली कानस हाय, तिचं पातं करतो."

"झिजलेली कानस? अहो, हे लष्करी पोलाद आहे!"

"आसंल. लोखंड मी वळकतो."

"आणि चाकू माझ्या खिशात राहणार आहे. ह्याचाच करा."

चाचा प्रत्येक तयार पात्यावर आपली खूण म्हणून चांदणी ठोकायचे. माझ्या पात्यावर ठोकेनात.

"माजी निशानी ह्याच्यावर पडनार न्हाई. लोकं मला इचारतील."

"मग माझं नाव घाला!"

घातलं त्यांनी, चांगलं ठळक. दहाव्या बोरूला धार गेली. नेमके तेव्हाच चाचा शाळेच्या दारात उभे. "मास्तर, कानस ठिवलीया अजून. करू का पातं?"

"काही गरज नाही," मी म्हणालो, आणि त्यांच्यादेखत अकरावा बोरू दातांनी सोलला.